कोठडीतला नवखा कैदी

तुरुंगातून पळालेल्या माणसाची कथा म्हटली, की सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे रात्रीचा अंधार, तटावरून लोंबणारे दोर, मागून सुटलेल्या गोळ्या आणि भिंतीपलीकडे तयार उभी असलेली मोटार असा सगळा सरंजाम उभा राहतो. आणि हा सरंजाम पडद्यावर इतक्या वेळा मांडला गेला आहे, की पलायन म्हणजे घटकाभराच्या धाडसाचा खेळ, अशीच समजूत रूढ होऊन बसली आहे. फ्रान्समधील काही थोर दिग्दर्शकांनी मात्र, विशेषतः 1937 ते 1960 या काळात, हा विषय अगदी निराळ्या अंगाने हाताळला. त्यांच्या चित्रपटांत पळणे थोडे आणि कोरणे, खणणे, वळणे, कान देऊन ऐकणे व वाट पाहणे फार. या अखंड परिश्रमाच्या बुडाशी एक प्रश्न सतत जागा असतो: शेजारच्या माणसावर विश्वास टाकावा की टाकू नये? भिंत कितीही जाड असली तरी चिकाटीपुढे ती कधी ना कधी नमते, हे हे चित्रपट जणू गृहीतच धरतात. परंतु अधिकाऱ्यांच्या हुकमाने एके दिवशी अचानक कोठडीत आणून सोडलेल्या नवख्या कैद्याच्या मनात काय आहे, हे कोणत्याही हत्याराने कोरून पाहता येत नाही, आणि माझ्या मते या चित्रपटांचा खरा विषय तोच आहे.

या दिग्दर्शकांना बंदिवासाची माहिती पुस्तकांतून मिळालेली नव्हती, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवणे इष्ट आहे. ज्याँ रेनुआर हा पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, आणि पिन्सार नावाचा त्याचा एक सहकारी वैमानिक जर्मनांच्या कैदेतून अनेकदा निसटला होता. त्याने सांगितलेल्या हकिकतींतूनच ‘ला ग्रांद इल्युझियों’ या 1937 च्या चित्रपटाचे बीज रेनुआरच्या मनात पडले. रोबेर ब्रेसाँ दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी युद्धकैदी म्हणून वर्षाहून अधिक काळ जर्मनांच्या ताब्यात होता. रेनुआरच्या हाताखाली सहायक म्हणून तयार झालेला जाक बेकेर यालाही त्याच युद्धात जर्मन छावणीतला बंदिवास भोगावा लागला. आणि योगायोग असा, की ‘ला ग्रांद इल्युझियों’मध्ये कैद झालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याची लहानशी भूमिका याच बेकेरने केली होती. आपले मनगटी घड्याळ शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते पायाखाली चिरडून टाकणारा तो अधिकारी क्षणभरच पडद्यावर येतो. पुढे तेवीस वर्षांनी बेकेरने आपल्या अखेरच्या चित्रपटात वाळूचे घटिकायंत्र बनवणारे कैदी दाखवले, तेव्हा कैदेतल्या माणसाला वेळ किती मोलाचा असतो हे त्याला स्वानुभवाने ठाऊक झालेले होते.

रेनुआरच्या चित्रपटाची कीर्ती मोठी असली तरी येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. त्यातील फ्रेंच कैदी छावणीच्या फरशीखाली भुयार खणतात, खणणाऱ्याचा श्वास कोंडला तर त्याने दोरी ओढावी व वर टांगलेला पत्र्याचा डबा खाली पडावा अशी योजना करतात, निघालेली माती कपड्यांत लपवून बागेत नेऊन टाकतात. आणि भुयार पुरे होण्याच्या सुमारासच त्यांची दुसऱ्या छावणीत रवानगी होते. त्यांच्या जागी येणाऱ्या इंग्रज कैद्यांना भुयाराची खबर देण्यासाठी ज्याँ गाबँने रंगवलेला मारेशाल जिवाचे रान करतो, पण त्याला इंग्रजी येत नाही आणि त्यांना फ्रेंच समजत नाही. महिनोन्महिन्यांचे श्रम केवळ भाषेच्या अडसरापायी मातीला मिळालेले पाहताना मनाला जी चुटपुट लागते, ती एखाद्या चकमकीच्या दृश्याने लागली नसती. पुढे डोंगरमाथ्यावरच्या किल्ल्यातून सहकाऱ्यांना निसटता यावे म्हणून उमराव घराण्यातला बोएल्द्यू बासरी वाजवीत पहारेकऱ्यांचे लक्ष आपल्याकडे वेधून घेतो व प्राण देतो. हा किल्ला म्हणजे अल्सासमधील ओ-केनिग्सबुर्गचा प्राचीन दुर्ग होय. चित्रपटातील माणुसकी नाझी राजवटीला इतकी झोंबली, की जर्मनीत त्यावर बंदी घालण्यात आली.

परंतु रेनुआरचे कैदी सैनिकी अधिकारी होते. त्यांना घरून खाद्यपदार्थांची पार्सले येत, नाटके बसवण्याची मुभा असे, आणि त्यांना गोळी घालण्याचा हुकूम सुटलेला नव्हता. ब्रेसाँच्या चित्रपटात ती सवलत संपते.

लियों शहरातील मोंलुक हा तुरुंग 1943 मध्ये जर्मनांनी आपल्या ताब्यात घेतला, आणि शहरातील गेस्टापोचा प्रमुख क्लाउस बार्बी याच्या अमलाखाली तो छळाचे आणि मृत्यूचे ठाणे बनला. प्रतिकार चळवळीचा नेता ज्याँ मुलँ याला 1943 च्या जून महिन्यात येथेच कोंडले होते. थोर इतिहासकार मार्क ब्लॉक याला येथूनच बाहेर नेऊन 1944 च्या जूनमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. आंद्रे दविन्यी नावाचा एक फ्रेंच सैन्याधिकारी याच तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत होता, आणि 1943 च्या ऑगस्टमध्ये तो येथून निसटला. त्याने पुढे लिहिलेल्या हकिकतीवरून ब्रेसाँने 1956 मध्ये जो चित्रपट काढला, त्याच्या नावातच मृत्युदंडाची शिक्षा झालेला एक कैदी पळून गेला, हे सांगून टाकले आहे. शेवट काय होणार हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच कळलेले असते. म्हणजे रहस्यकथेचे जे सर्वांत मोठे भांडवल, तेच दिग्दर्शकाने पहिल्या पावलाला स्वेच्छेने सोडून दिले. आणि तरीही हा चित्रपट पाहताना छाती धडधडते, याचे कारण शोधू लागले की चित्रपटकलेविषयीच्या आपल्या कितीतरी कल्पना तपासून घ्याव्या लागतात.

चित्रपटातील नायकाचे नाव फोंतेन. त्याची भूमिका करणारा फ्राँस्वा लतेरिए हा धंद्याने नट नव्हता. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी असलेला हा तरुण ब्रेसाँने मुद्दाम निवडला, कारण चेहऱ्यावर भाव आणून दाखवणारा अभिनय त्याला नकोच होता. पहिल्याच दृश्यात फोंतेनला मोटारीत घालून तुरुंगाकडे नेत आहेत. त्याचा हात हळूहळू दाराच्या कडीकडे सरकतो, मोटार मंद होते, आणि तो उडी टाकून पळतो. परंतु कॅमेरा त्याच्यामागे धावत नाही. तो त्या रिकाम्या झालेल्या जागेवरच खिळून राहतो. बाहेरून पावलांचे, गोळ्यांचे आवाज येतात, आणि थोड्याच वेळात फोंतेनला पुन्हा त्याच जागी आणून बसवतात. या एका दृश्यात पुढील दीड तासाची रीत ठरून जाते: बाहेरचे जग कानांनी ऐकायचे, आणि डोळ्यांनी पाहायचे ते केवळ हात व हातांखालची वस्तू.

मग सुरू होते ती दाराची कहाणी. कोठडीचे दार ओकच्या जाड फळ्यांचे आहे. पण दोन फळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या तुलनेने मऊ लाकडाच्या आहेत, हे फोंतेनच्या ध्यानात येते. जेवणाबरोबर आलेला एक लोखंडी चमचा तो परत करीत नाही. त्या चमच्याचा दांडा कोठडीतल्या फरशीवर घासून घासून त्याची पटाशी होते, आणि त्या पटाशीने तो सांधे कोरू लागतो. एक कपचा निघतो. तो उचलून लपवायचा. जमिनीवर पडलेला भुसा काडीने गोळा करायचा. पहारेकऱ्याची चाहूल लागली की सगळे जिथल्या तिथे. चाहूल विरली की पुन्हा आरंभ. कॅमेरा हे सर्व इतक्या जवळून आणि इतक्या सबुरीने दाखवतो, की पाहणाऱ्याला त्या लाकडाची जातकुळी कळू लागते. पलंगाच्या जाळीची तार, गादीचे कापड, पांघरुणे, अंगावरचे कपडे यांच्या पट्ट्या फाडून, पिळून, तारेने आवळून दोर तयार होतो. दिव्याच्या चौकटीतल्या लोखंडी सळया वाकवून त्यांचे आकडे होतात. हे आकडे करण्याची बुद्धी फोंतेनला स्वतःची झालेली नाही. ओर्सिनी नावाचा समोरचा कैदी अगोदर पळण्याचा यत्न करून फसतो, आणि आकड्यांवाचून दुसरी भिंत ओलांडता येत नाही हे ज्ञान मागे ठेवून मारला जातो. शेजारच्या कोठडीतला ब्लांशे हा म्हातारा आरंभी फोंतेनच्या उद्योगावर त्रासून बोलत असतो; तोच म्हातारा अखेरीस आपले पांघरूण दोरासाठी देऊन टाकतो. एका माणसाच्या सुटकेला किती जणांचे ऋण लागते, याचा असा हिशेब मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेला नाही.

ब्रेसाँने या चित्रपटात मोझार्टच्या सी मायनर मासमधील ‘किरिये’चा, म्हणजे देवाची करुणा भाकणाऱ्या समूहगानाचा, उपयोग केला आहे, आणि तो कोठे केला आहे हे पाहण्याजोगे आहे. सकाळी कैद्यांना आपापल्या मैल्याच्या बादल्या घेऊन रांगेने अंगणात नेले जाते, त्या बादल्या रिकाम्या केल्या जातात, आणि नेमके तेव्हा हे स्वर उमटतात. तुरुंगाच्या दिनक्रमातील सर्वांत हीन काम हेच कैद्यांना एकमेकांच्या कानी दोन शब्द घालण्याची संधी देते. म्हणून त्या गलिच्छ अंगणाला दिग्दर्शकाने प्रार्थनामंदिराची प्रतिष्ठा दिली, आणि ती त्याला शोभूनही दिसते. चित्रपटाला योहानाच्या शुभवर्तमानातील वाऱ्याविषयीच्या वचनावरून एक उपशीर्षकही आहे. माणसाचे हात राबत असतात आणि त्या राबण्याला कोठून तरी कृपेची साथ मिळते, अशी ब्रेसाँची श्रद्धा असावी. ती श्रद्धा ज्याला मान्य नाही अशा प्रेक्षकालाही ती अंगणातली सकाळ हलवून सोडते.

सगळी सिद्धता झालेली असताना, फोंतेनला मृत्युदंडाचा निकाल ऐकवल्यानंतर, त्याच्या कोठडीत जोस्त नावाचा सोळा वर्षांचा पोरगा आणून सोडतात. त्याच्या अंगावरचा वेष अर्धा जर्मन, अर्धा फ्रेंच. हा हेर आहे की खरोखरीच कैदी आहे? त्याला सोबत न्यावे की पलायनापूर्वी त्याचा काटा काढावा? फोंतेन हा प्रश्न मनाशी शांतपणे, पण भयंकर गांभीर्याने तोलतो. आणि अखेर त्या मुलाला सर्व काही सांगून टाकतो. पुढे दोन भिंतींमधल्या वाटेवरून सायकलवर फेऱ्या घालणाऱ्या शिपायाच्या चाकांची करकर ऐकत, जाणाऱ्या आगगाडीच्या खडखडाटात आपल्या हालचालींचा आवाज बुडवीत, ते दोघे एकेक भिंत पार करतात. आणि एका ठिकाणी फोंतेनच्या ध्यानात येते, की या मुलाच्या खांद्याचा आधार नसता तर आपण एकटे येथेच अडकून पडलो असतो. ज्याचा जीव घेण्याचा विचार मनात येऊन गेला, त्याच्यावाचून सुटका नव्हती.

आता बेकेरच्या ‘ल त्रू’कडे, म्हणजे ‘भगदाडा’कडे, वळू. हा चित्रपट 1960 च्या मार्चमध्ये प्रदर्शित झाला, आणि त्यापूर्वी काही आठवडे, 21 फेब्रुवारीला, बेकेर मरण पावला होता. पॅरिसच्या ला सांते या तुरुंगात 1947 मध्ये झालेल्या पलायनाच्या खऱ्या प्रयत्नावर जोजे जोव्हानी याने कादंबरी लिहिली होती. जोव्हानी स्वतः त्या कटात सामील होता. त्या कटातला दुसरा एक भागीदार, ज्याँ केरोदी, या चित्रपटात प्रत्यक्ष काम करतो. चित्रपटाच्या आरंभी तो मोटार दुरुस्त करीत असताना आपल्याकडे वळतो आणि ही आपलीच कथा असल्याचे सांगतो. पुढे हाच माणूस रोलांच्या भूमिकेत पत्र्याच्या तुकड्यातून किल्ली घडवतो, तेव्हा त्याची बोटे अभिनय करीत नसतात. एकदा केलेले काम पुन्हा करीत असतात.

चार कैदी एका कोठडीत आहेत. त्यांना पुठ्ठ्याची खोकी घडी करण्याचे काम दिलेले आहे, आणि याच पुठ्ठ्याच्या ढिगाखाली ते फरशीला भगदाड पाडतात. (तुरुंगातले काम आणि कारखान्यातले काम यांतले साम्य फ्रेंच चित्रपटाने फार पूर्वीच टिपले होते, रेने क्लेरच्या 1931 मधील ‘अ नू ला लिबेर्ते’ची सुरुवात खेळण्यांतले घोडे जुळवीत बसलेल्या कैद्यांनी होते, आणि त्यातून पळालेला एक जण पुढे ग्रामोफोनचा कारखानदार होतो, तेव्हा त्याच्या कारखान्यातले कामगारही तसेच रांगेने बसलेले दिसतात.) दात घासण्याच्या ब्रशला आरशाचा तुकडा बांधून तो दाराच्या भोकातून बाहेर सरकवायचा व ओसरीवर कोणी आहे का ते पाहायचे, पलंगावर पांघरुणाखाली पुठ्ठ्याचा पुतळा झोपवून त्याला दोरीने हालवायचे, औषधाच्या शिश्या व वाळू यांपासून वेळ मोजायचे साधन करायचे. या सर्व क्लृप्त्या मनोरंजक आहेत खऱ्या. परंतु चित्रपटाचा कळस आहे तो काँक्रीट फोडण्याचे दृश्य. पलंगाचा लोखंडी तुकडा हाती घेऊन कैदी आळीपाळीने फरशीवर घाव घालतात, आणि कॅमेरा जवळजवळ चार मिनिटे एकाही ठिकाणी न तुटता त्या एकाच जागेकडे पाहत राहतो. प्रथम काहीच होत नाही. मग एक पांढरा ओरखडा, मग खळगा, मग कपचे, मग भुगा. तुरुंगात दुरुस्तीचे काम चाललेले असल्याने हा आवाज त्यात खपून जाईल अशी त्यांची अटकळ असते. आणि पार्श्वसंगीताचा एक सूरही नसलेल्या या चित्रपटात ते घाव प्रेक्षकाच्या छातीवर पडतात. खोटे काँक्रीट वापरून हे दृश्य अर्ध्या मिनिटात उरकता आले असते. बेकेरने ते उरकले नाही, याबद्दल मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो.

त्याच प्रामाणिकपणाने तुरुंगाचा कारभारही दाखवलेला आहे. कैद्यांना आलेल्या पार्सलांची झडती घेणारा शिपाई एकाच सुरीने प्रत्येक पदार्थ कापून पाहतो. त्यात द्वेष नाही, क्रौर्यही नाही, केवळ शिरस्ता आहे. तळघरात गस्त घालणारे दोन पहारेकरी एका कोळ्याला किडा खाऊ घालण्यात रमतात, आणि त्याच वेळी पलीकडे रोलां व त्याचा सोबती मानू एकाच खांबाआड, एकाच्या खांद्यावर दुसरा उभा अशा स्थितीत, श्वास रोखून लपलेले असतात.

या चौघांच्या कोठडीतही एक पाचवा आणून सोडलेला आहे. गास्पार नावाचा हा तरुण सुसंस्कृत, मृदुभाषी, घरंदाज. पत्नीवर खुनी हल्ला केल्याचा त्याच्यावर आरोप आहे. चौघे त्याला जोखतात, आपसांत खलबत करतात, आणि त्याला कटात घेतात. त्याला कटात न घेता फरशी फोडणे अशक्यच असते. पुढे एका रात्री मानू आणि गास्पार भुयारातून व गटारांतून वाट काढीत रस्त्यापर्यंत पोचतात, झाकण उचलून डोके वर काढतात, आणि त्यांना समोर पॅरिसचा निर्मनुष्य रस्ता व जाणारी एक टॅक्सी दिसते. वर चढले की सुटले. परंतु ते पुन्हा खाली उतरतात आणि तुरुंगात परत जातात, कारण बाकीचे तिघे तेथे वाट पाहत आहेत. मला हे दृश्य त्या सर्व काँक्रीटफोडीहूनही श्रेष्ठ वाटते. आणि त्या परतण्यात गास्पारही सामील होता, हे विसरता येत नाही. त्यानंतर तुरुंगाधिकारी गास्पारला बोलावून घेतो, पत्नीने फिर्याद मागे घेतल्याचे सांगतो, आणि बराच वेळ ठेवून घेतो. तो कोठडीत परततो. पलायनाच्या घटकेला ब्रशवरचा आरसा दाराबाहेर सरकतो, तेव्हा त्या चिमुकल्या काचेत पहारेकऱ्यांची रांगच्या रांग उभी असते.

जोव्हानीविषयी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. त्याला 1948 मध्ये मृत्युदंड झाला होता, तो पुढे रद्द होऊन 1956 मध्ये त्याची सुटका झाली, आणि नंतर लेखक व दिग्दर्शक म्हणून त्याने नाव कमावले. परंतु जर्मन अमलाच्या काळात तो शत्रूशी हातमिळवणी करणाऱ्यांपैकी होता, ही गोष्ट 1993 मध्ये स्विस वृत्तपत्रांनी उघडकीस आणली. दविन्यीला ज्या सत्तेने कोठडीत टाकले, तिच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाने ही मैत्रीची आणि विश्वासघाताची कथा लिहिली. त्यामुळे बेकेरच्या चित्रपटाचे मोल कमी होते असे मी म्हणणार नाही, कारण त्यातला सचोटीचा अंश बेकेरचा आहे. पण कादंबरीकडे मला पूर्वीसारख्या निर्मळ मनाने पाहता येत नाही.

यानंतरच्या काळात फ्रेंच पडद्यावरचे पलायन बदलत गेले. 1986 मध्ये एका स्त्रीने स्वतः हेलिकॉप्टर चालवून ला सांतेच्या छतावरून आपल्या पतीला उचलून नेले, आणि त्या घटनेवर 1992 मध्ये चित्रपटही निघाला; यंत्राने हाताची जागा घेतली. जाक ओदियारच्या 2009 मधील ‘अँ प्रोफेत’मध्ये तर पलायन जवळजवळ नाहीच. तहर रहीमने रंगवलेला एकोणीस वर्षांचा मलिक तुरुंगात शिरतो तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नाही. कोर्सिकन टोळीचा म्हातारा म्होरक्या त्याला धमकावून एका कैद्याचा खून करायला लावतो, आणि तेथून पुढे तो तुरुंगातच अक्षरे शिकतो, व्यापार शिकतो, सत्ता शिकतो. या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या नात्याने ब्रेसाँचे आणि बेकेरचे कैदी एकमेकांशी बांधलेले होते, त्याचा येथे मागमूस नाही. येथे शेजारचा माणूस वापरायचा असतो.

मोंलुकचा तुरुंग आता राष्ट्रीय स्मारक झाला आहे, आणि बोलिव्हियातून पकडून आणलेल्या बार्बीला 1983 मध्ये प्रथम काही दिवस तेथेच ठेवण्यात आले होते. ज्या वाचकांना ब्रेसाँचा आणि बेकेरचा हे दोन्ही चित्रपट पाहण्याचा योग येईल, त्यांनी काळाचा क्रम उलटा करून बेकेरचा चित्रपट आधी पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ब्रेसाँचा चित्रपट आधी पाहिला, तर फोंतेनने त्या पोराला सर्व सांगून टाकणे हे नायकाच्या थोर मनाला साजेसे वाटून आपण पुढे सरकतो. गास्पारची ओळख झाल्यानंतर मात्र, अर्धा जर्मन वेष घातलेला जोस्त कोठडीच्या दारात उभा राहिला की आपणही फोंतेनबरोबर त्याला जोखू लागतो, आणि विश्वास टाकण्यात त्याने किती मोठा धोका पत्करला आहे ते त्या क्षणी पुरतेपणी कळते.